मावशीच्या पैठणीचा ब्लाऊज घरच्या घरी फिटिंगला कसा घ्यायचा

तुळशीचं लग्न झालं की टेलर लोकांचे भाव वाढतात. नवीन शिवायलाच दीड महिन्याची तारीख, त्यात तुम्ही जुना ब्लाऊज घेऊन गेलात आणि "जरा फिटिंगला घ्या" म्हणालात की ते आधी आतली शिलाई बघणार आणि मग "हा आमचा नाही, दुसऱ्याने शिवलेल्याला मी हात लावत नाही" म्हणून परत करणार. माझं तीन दुकानांत हेच झालं. लग्न चुलतबहिणीचं, साडी मावशीची पैठणी, आणि ब्लाऊज अर्थातच मावशीच्या मापाचा, म्हणजे माझ्या अंगावर अक्षरशः झब्बा. शेवटी घरीच केला, आणि खरं सांगते, जेवढं वाटतं तेवढं अवघड नाहीये. ज्यांनी फक्त शाळेत रुमालाला हेम घातलंय आणि घरातली मशीन चालवता येते एवढंच, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मशीन नसेल तरी चालेल, ते पुढे येईलच.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. यापूर्वी एक खणाचा ब्लाऊज मी असाच घरी टाइट केला होता. मोजला, दोन इंच सैल होता. मी म्हटलं बाजू दोन, मग एका बाजूला एक इंच, दुसऱ्या बाजूला एक इंच, सोपा हिशोब. टीप मारली, वरचं कापड जाड वाटत होतं म्हणून कात्रीने साफ करून टाकलं, आणि घालायला गेले तर हुकाची पट्टी आणि आयची (हुक अडकवायच्या कड्यांची) पट्टी एकमेकींकडे दोन बोटांच्या अंतरावरून बघतायत. कारण बाजूची शिवण म्हणजे कापडाचे दोन पदर, एक पुढचा एक मागचा. टीप एक इंच आत घेतली की पुढून एक आणि मागून एक असे दोन इंच गेले. दोन बाजूंचे मिळून चार. हवे होते दोन. आणि कापलेलं कापड काही परत येत नाही.

म्हणून हिशोब हा असा: जेवढा सैल आहे त्याला चारने भागायचं. दोन इंच सैल, तर टीप फक्त अर्धा इंच आत. एक इंच सैल, तर पाव इंच. बाहीला मात्र एकच शिवण असते, त्यामुळे तिथे दोनने भागायचं. हे कागदावर लिहून मशीनवर चिकटवून ठेवा हवं तर.

काय काय लागेल

इंचटेप, टेलरिंगचा खडू (साबणाची पातळ झालेली वडी पण चालते, उलट रेशमाला तीच बरी), मॅचिंग दोरा, हाताची बारीक सुई, उसवायचं कटर, छोटी कात्री. मशीनला नवीन ११ नंबरची सुई घाला. घरातल्या मशीनला बहुतेक १४ नाहीतर १६ नंबर लावलेली असते, परकर आणि पडदे शिवून शिवून बोथट झालेली, ती रेशमाला लावली की कापडाचा धागाच ओढला जातो आणि आडवी रेघ पडते, मग काही करा, ती जात नाही. दोरा आणताना ब्लाऊज सोबत घेऊन जा, "मोरपंखी द्या" असं तोंडी सांगून आणलेला दोरा हमखास दुसऱ्याच मोराचा निघतो. टाचण्या शक्यतो नकोत. रेशमात भोक राहतं. मी केसांच्या छोट्या क्लिपा वापरल्या, आणि जिथे टाचणी लागलीच तिथे आतल्या मायेत लावली.

माया म्हणजे शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडलेलं असतं ते. नवीन लोकांना हा शब्द माहीत नसतो, टेलर मात्र दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. "आत माया आहे का?" हा पहिला प्रश्न.

घालून बघा, पण नीट

ब्लाऊज ज्या ब्रावर घालणार तीच घालून बघायचा, घरातल्या ढगळ ब्रावर माप घेतलं तर सगळं चुकतं. हुक सगळे लावा. आरशासमोर सरळ उभ्या राहा आणि बघा कुठे कापड जास्त आहे. काखेखाली चिमटीत येतंय? कमरेला पट्टी उडतेय? की खांदा घसरतोय? तिन्हीचं औषध वेगळं आहे. बाजू सैल असेल तर हे काम सगळ्यात सोपं. कंबर सैल आणि छाती बरोबर असेल तरी सोपं. खांदा आणि गळा हे मात्र पहिल्याच वेळी उसवायला जाऊ नका, त्याला जुगाड आहे, तो खाली सांगते.

आता मापं. स्वतःची छाती, कंबर (म्हणजे ब्लाऊज जिथे संपतो तिथला घेर, खरी कंबर नाही) आणि दंडघेर. मग ब्लाऊजची तीच मापं. ब्लाऊज मोजताना एक गंमत असते, पाठ सपाट ठेवता येते पण पुढचा भाग टक्समुळे (आकार यावा म्हणून शिवलेल्या निमुळत्या घड्या) सपाट बसतच नाही, दाबून मोजला तर माप कमी येतं. त्यामुळे मी आत एक छोटी स्टीलची वाटी ठेवली, दोन्ही बाजूला दोन, आणि टेप त्यांच्यावरून नेला. घरातले हसले. पण माप बरोबर आलं.

माझे आकडे असे होते. छाती ३४, ब्लाऊज ३७. अंगासरशी म्हटलं तरी श्वास घ्यायला एक इंच लागतोच, म्हणजे हवा ३५, जास्तीचे २, भागिले ४, टीप अर्धा इंच आत. कंबर २९, ब्लाऊज ३३, एक इंच सोडून हवा ३०, जास्तीचे ३, म्हणजे टीप पाऊण इंच आत. दंडघेर साडेअकरा, बाही १३, हवी साडेबारा, जास्तीचा अर्धा, बाहीला भागिले दोन, टीप पाव इंच आत. म्हणजे बाहीच्या तोंडाशी पाव, काखेत अर्धा, कमरेला पाऊण. ही तीन टिंबं जोडली की झाली तुमची नवी रेघ.

आतून ब्लाऊज बघा

ब्लाऊज उलटा करा. बहुतेक ब्लाऊजना बाहीच्या तोंडापासून काखेतून खाली कमरेपर्यंत एकच सलग शिवण असते, टेलर बाही जोडून झाल्यावर शेवटी ती मारतात. हे आपल्यासाठी फार चांगलं आहे कारण काहीच उसवायला लागत नाही, जुन्या टिपेच्या आत नवीन टीप मारायची आणि संपलं. काही रेडिमेड ब्लाऊजना मात्र आधी बाजू शिवतात आणि मग खालची पट्टी दुमडतात, तसं असेल तर खालची दुमड शिवणीच्या दोन्हीकडे इंचभर उसवा, टीप मारा आणि परत दुमडून हाताने घाला. न उसवता वरून टीप दामटली तर तिथे गाठोडं होतं आणि साडीतून टोचतं.

कापड जुनं असेल तर एक परीक्षा करा. आतली माया दोन हातांत धरून हलकी ताणा. चर्र झालं किंवा धागे विरळ दिसायला लागले तर रेशीम विरलंय, ते फिटिंगला घेऊ नका, ताण आला की टिपेच्या कडेने फाटतं आणि ते नेमकं लग्नात फाटतं. अशा ब्लाऊजला आतून आधी सुती अस्तर लावावं लागतं, तो वेगळा उद्योग आहे.

रेघ, मग कच्चा टाका

खडूने जुन्या टिपेपासून मोजून टिंबं द्या. बाहीच्या तोंडाशी एक, काखेत एक, कमरेला एक, मधे मधे दोन-दोन. दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं. उलटा ब्लाऊज अंगात घालून क्लिपा लावत बसायची पद्धत पण आहे पण त्यात उजवी बाजू डावीकडे जाते, आणि आपले दोन्ही खांदे काही सारखे नसतात, त्यामुळे नवीन माणसाने टेपवरच भरवसा ठेवावा.

टिंबं जोडताना काखेत कोन करू नका. हे लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. बाहीची रेघ आणि बाजूची रेघ काखेत मिळते तिथे हलका गोलवा हवा, टोक आलं की हात वर केल्यावर सगळा जोर त्या एका टाक्यावर येतो. आणि मुंढ्याची (बाही जिथे जोडतात त्या गोलाची) शिवण दोन्हीकडची बरोबर एकमेकींवर आली पाहिजे, तिथे एक टाका हाताने घालून पक्कं करा, नाहीतर मशीनखाली ती सरकते आणि बाहेरून काखेत पायरी दिसते.

आता लगेच मशीनकडे धावायचं नाही. हाताने लांब लांब धावदोरा घाला, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, म्हणजे नंतर काढताना दिसतो. दहा मिनिटांचं काम आहे, आळस करू नका, खणाच्या वेळी मी हाच आळस केला होता. मग ब्लाऊज सुलटा करून घाला आणि लग्नात जे जे करणार ते सगळं करून बघा: अक्षता टाकायला हात वर करा, वाकून नमस्कार करा, खाली मांडी घालून बसा, मागे हात नेऊन केसातला गजरा सारखा करा. आणि शक्यतो जेवण झाल्यावर बघा. सकाळी उपाशीपोटी अगदी मापात बसलेला ब्लाऊज पंगतीनंतर काय छळतो ते मी सांगायला नको.

माझ्या पैठणीच्या ब्लाऊजला यात एक दोष सापडला. छाती छान बसली पण हात वर केला की पूर्ण ब्लाऊज वर उचलला जात होता. कारण मी काखेतला अर्धा इंच नेमका मुंढ्याच्या टोकाला घेतला होता, त्यामुळे मुंढा लहान झाला. मग धावदोरा काखेत फक्त पाव इंच आत घेतला, आणि काखेच्या खाली दीड इंचावर अर्ध्यावर आणला. फरक लगेच जाणवला. धावदोराच होता म्हणून पाच मिनिटांत झालं, मशीनची बारीक टीप असती तर अख्खी दुपार गेली असती.

टीप

आधी मायेच्या जास्तीच्या भागावर चार-पाच इंच टीप मारून बघा, वरून-खालून दोरा सारखा दिसतोय का, कापड गोळा होत नाहीये ना. टाका मध्यम ठेवा, अडीच मिलीमीटरच्या आसपास. काखेच्या दोन-तीन इंचांत थोडा बारीक. सुरुवात बाहीच्या तोंडापासून, पुढे-मागे करून पक्की करा आणि कमरेपर्यंत एका दमात या. बाहीला पैठणीचा काठ असतो, तिथे जरीचे धागे आडवे येतात, तर तेवढ्या भागात पेडलवरचा पाय काढून हाताने चाक फिरवत एकेक टाका घाला. मोटरवर भर्रकन नेलं की सुई जरीवर आपटून वाकते, माझी एक मोडलीच.

मशीन नसेल तर हातटीप घाला, म्हणजे सुई एक टाका मागे घ्यायची आणि दोन पुढे काढायची, प्रत्येक वेळी मागच्या टाक्याच्या शेवटाला चिकटून. दोरा दुहेरी. साध्या धावदोऱ्यावर ब्लाऊज घालून जाऊ नका, तो एका बाजूने ओढला की सगळा सुटतो. हातटिपेचा ब्लाऊज आरामात लग्न काढतो, पूर्वी असंच तर शिवायचे.

धावदोरा काढून टाका. जुनी टीप राहू द्या, तिला उसवायची काही गरज नाही. आणि माया कापायची नाही. फारच जाड वाटत असेल तर दोन्ही पदर पाठीकडे वळवून वर-खाली दोन-दोन टाके घाला, सपाट बसते.

इस्त्री आतून, मध्यम गरम, मधे सुती रुमाल ठेवून. पाणी शिंपडू नका, रेशमावर पाण्याचे डाग पडतात आणि वाळल्यावर गोल कडा दिसते.

सैल नाही, उलट घट्ट होत असेल तर

आत बघा. चांगल्या टेलरने शिवलेल्या ब्लाऊजला बाजूला एकाशेजारी एक अशा दोन-तीन टिपा असतात, ते उगाच नसतं. सगळ्यात आतली, म्हणजे अंगाच्या बाजूची टीप उसवली की पुढची टीप आपोआप कामाला येते. दोन टिपांमधे पाव इंच अंतर असेल तर ब्लाऊज एकदम एक इंच सैल होतो, तोच चारचा हिशोब उलटा. उसवताना ब्लेडने सर्रकन ओढू नका, जरीचा एक धागा तुटला की काठाची झालर होते. दर चार-पाच टाक्यांनी एका बाजूचा टाका कटरने तोडत जा आणि मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा, सगळा सुटून हातात येतो. पण सैल केल्यावर जुन्या टिपेची भोकं आणि आतलं न उडालेलं गडद कापड बाहेर दिसतं, हे धरून चाला. बाजूला असतं, हाताखाली झाकतं, फार मनावर घेऊ नये.

मायाच नसेल तर काखेपासून कमरेपर्यंत बाजूला पट्टी जोडावी लागते. ब्लाऊजपीसचा तुकडा उरलेला असेल तर तोच, नाहीतर काठाच्या रंगाचं साधं सिल्क. पट्टी एक इंच रुंद दिसायला हवी असेल तर दोन्हीकडच्या शिवणीसाठी अर्धा-अर्धा धरून दोन इंच कापा. दोन बाजूंच्या मिळून दोन इंच वाढतात. फक्त हात वर केल्यावर काखेतच ओढत असेल तर तेवढ्याच जागी बर्फीच्या आकाराचा छोटा तुकडा लावतात, तो मात्र दुसऱ्या-तिसऱ्या ब्लाऊजला करा, पहिल्याला नको.

फक्त अर्धाएक इंच कमी-जास्त हवंय? मग शिवणीला हातच लावू नका. आयची रांग सरकवा. टाइट करायचं तर आय कडेपासून आत घ्या, सैल करायचं तर कडेकडे. पण पाव-अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, गळ्याचा मध्य एका बाजूला जातो आणि आरशात बघणाऱ्याला काय चुकलंय ते कळत नाही पण काहीतरी चुकलंय हे कळतं.

पाठ फुगत असेल

बाजू बरोबर, छाती बरोबर आणि मागे कमरेच्या वर कापडाचा फुगा येतो, असं बऱ्याच जणींना होतं, विशेषतः ज्यांच्या पाठीला कमरेशी खोलगट वळण आहे. पाठीला खालून वर जाणारे दोन टक्स असतात, ते पाव पाव इंच खोल करा. एक टक म्हणजे कापडाची घडी, पाव इंच खोल केला की अर्धा इंच जातो, दोन्ही मिळून एक इंच. टकचं वरचं टोक हळूहळू निमुळतं करत घडीवरच संपवायचं, तिथे पुढे-मागे टीप मारू नका, दोऱ्याची शेपटं सोडून हाताने गाठ मारा. पुढे-मागे केलं की बाहेरून बरोबर तिथे कोंबडीच्या चोचीसारखं टोक दिसतं.

पुढचे टक्स आणि कटोरी (छातीचा वेगळा जोडलेला वाटीसारखा भाग) नवीन माणसाने सोडून द्यावी. प्रिन्सेस कटचंही तेच. तिथे पाव इंचाची चूक सगळ्यांना दिसते.

खांदा घसरतोय

म्हणजे गळा पसरलाय. गळ्याची पायपिंग उसवून खांदा आत घेणं हे खरं उत्तर आहे पण ते किचकट. त्यापेक्षा मागे डोरी लावा. खांद्याच्या शिवणीपासून दीड-दोन इंच खाली, गळ्याच्या कडेला आतून, दोन्हीकडे. डोरीसाठी कापड तिरक्यात कापायचं, आमच्या आजीच्या भाषेत उरेब, एक इंच रुंद, मधे दुमडून टीप, आणि एका टोकाला जाड दोरा टाचून सुईची उलटी बाजू आतून सरकवत उलटी करायची. सरळ कापलेल्या पट्टीची डोरी कडक होते आणि गाठ सुटत राहते. टोकाला लटकन लावा किंवा नका लावू. डोरी आवळली की खांदा जागेवर येतो, आणि लोकांना वाटतं फॅशनच आहे.

हे सगळं कार्याच्या आदल्या रात्री करायला घेऊ नका. मेंदी ओली असते, घरात पाहुणे, आणि मशीनवर कोणाच्या तरी बॅगा. आठ दिवस आधी धावदोऱ्यापर्यंत आणून ठेवा आणि चार दिवस आधी टीप मारा.

ब्लाऊज मागून आणलेला असेल, माझ्यासारखा, तर माया न कापल्याचा फायदा आता: लग्न झाल्यावर नवी टीप उसवायची आणि जुन्या टिपेवर तो परत मावशीच्या मापाचा होतो. फक्त रेशमात सुईची भोकं ओळीने दिसत राहतात, इस्त्रीने थोडी बुजतात, पूर्ण जात नाहीत. त्यामुळे टीप मारायच्या आधी मावशीला एक फोन करून विचारून घ्या. माझी मावशी म्हणाली, ठेव तुझ्याकडेच, मला तो तसाही दोन वर्षांपासून होत नाहीये.